तिसऱ्या कपातला चमचा

बाबांचे हिवाळी बूट दुरुस्त करून आणले होते, ते द्यायला मी त्या दुपारी बांधावरच्या घरी निघाले. बूट हे निमित्त. शहरातल्या स्मृतितपासणीच्या दवाखान्यात मी त्यांची दुसऱ्या दिवशीची वेळ घेतली होती, आणि हे त्यांना सांगायचं धाडस अजून झालं नव्हतं. गेल्या महिन्यात मासळीबाजारातून घरी यायचे ते भलत्याच गावात पोचले होते. "धुकं होतं," म्हणाले. त्या दिवशी लख्ख ऊन होतं.

आज मात्र धुकं होतं. बांधापलीकडचा समुद्र ओहोटीला दूर गेला होता आणि उघडा पडलेला चिखल धुक्यात बारीक कुरकुरत होता. खारट, कुजका वास पार स्वयंपाकघरात शिरला होता.

बाबांनी चहा मांडला. तीन कप.

"आपण दोघंच आहोत, बाबा."

"आणि तुझ्या आईनं काय, नुसता वास घ्यायचा?"

आईला जाऊन सहा वर्षं झाली.

त्यांनी प्रत्येक कपात खडीसाखरेचा खडा टाकला. कढत चहा पडला तसे खडे तडतडले. मग कडेनं साय सोडली. आम्ही पूर्व फ्रिसियातली, जर्मनीच्या उत्तर किनाऱ्यावरची माणसं चहा ढवळत नाही. आधी साय, मग कडू चहा, शेवटी गोड तळ, असाच प्यायचा. माझ्या म्युनिकच्या नवऱ्यानं पहिल्या भेटीत चहा ढवळला, तेव्हा बाबा मला म्हणाले होते, "पोरी, हा माल परत कर." आणि पुरे झालं की चमचा कपात ठेवायचा. तोवर समोरचा ओततच राहतो, तोंडानं कितीही नको म्हणा.

बाबांनी चमचा उचलला आणि आपला चहा ढवळला. शांतपणे, गोल गोल.

वाट चुकली, नावं विसरली, सगळं मी वयावर ढकललं होतं. हे ढकलता येईना.

"बाबा, उद्या डॉक्टरकडे जायचंय. स्मरणशक्ती तपासायला."

"कुणाची? तुझी?" ते भडकले. आईच्या रिकाम्या खुर्चीकडे वळून म्हणाले, "ऐकलंस, थेडा? ही मला वेडा ठरवायला आलीय!"

मग त्यांनी डावा कान खुर्चीकडे कलता केला, आई बोलायची तेव्हा करायचे तसा. बराच वेळ ऐकत राहिले. राग हळूहळू ओसरला.

"ती म्हणते, जा..." ते पुटपुटले. "म्हणते, मीही येते."

त्यांनी किटली उचलली आणि तिसऱ्या कपात पुन्हा ओतायला घेतलं. मी घाईनं त्यांचा हात धरणार होते, आधीचा चहा उतू जाईल म्हणून. पण कप रिकामा होता. बाबांनी त्याला हात लावलेला मी पाहिला नव्हता. चमचा बशीतच होता.

भीती वाटायला हवी होती. पण चर्चमध्ये गेल्यावर होतं तसं मन एकदम लहान झालं, आणि मला रडू आलं.

सकाळी मी तिन्ही कप धुऊन पालथे घातले, दाराला कुलूप लावलं आणि आम्ही निघालो.

डॉक्टरबाई तरुण आणि शांत होत्या. बाबांनी कागदावर घड्याळाचं चित्र काढलं, त्यात सगळे आकडे एकाच बाजूला कोंबले.

"आजोबा, सोबत कोण आलंय?"

बाबांनी माझ्याकडे अनोळखी बाईकडे बघावं तसं अदबीनं बघितलं. मग डावा कान कलता केला. तिकडे रिकामी खुर्ची होती.

"इम्के. माझी मुलगी," ते म्हणाले. "थेडा सांगतेय."

डॉक्टरबाईंचं पेन थांबलं. मग त्या मला म्हणाल्या, "वेळेत आणलंत. रक्त तपासू, मेंदूचा फोटो काढू. काही कारणं बरी होतात. नाही झालं, तरी करण्यासारखं खूप आहे. फक्त यांना एकटं ठेवू नका."

"एकटा कुठाय मी?" बाबा हसले.

घरी पोचलो तेव्हा अंधारून आलं होतं. मी कुलूप काढलं, दिवा लावला. दोन कप पालथेच होते. तिसरा टेबलावर होता, आईच्या जागेसमोर.

बाबांनी कोट काढला आणि माझ्याकडे वळले. "बाई, तुम्ही... कुणाकडे आलात?"

त्यांनी डावा कान कलता केला. वाट बघितली. बाहेर चिखल कुरकुरत होता. ते अजून थोडे वाकले, लहान मुलासारखे कावरेबावरे होऊन.

"आज काही बोलतच नाही ती..."

मी कपात पाहिलं. तळाशी चहाचा थेंब नव्हता. चमचा कपात ठेवलेला होता.

"मी इम्के, बाबा," मी त्यांचा हात धरून म्हणाले. "तुमची मुलगी. आता मी सांगत जाईन."

दुसऱ्या हातानं मी तो चमचा उचलला. तो अजून गरम होता.