उष्टी पत्ती

ही गोष्ट दुसऱ्या कुणी सांगितली असती तर मीच त्याला वेड्यात काढलं असतं. पण महेंद्र माझा सख्खा मावसभाऊ. खोटं बोलला की त्याचे कान लाल होतात, अगदी लहानपणापासून. हे सांगताना झाले नाहीत.

गेल्या वर्षीचा मार्चमधला रविवार. दुपारचे साडेचार. दौंडला रेल्वे कॉलनीजवळचा एक छोटा हॉल.

रात्र नव्हती. बाहेर लख्ख ऊन होतं.

महेंद्रचा ग्रुप शिरूरच्या चौघांचा. लग्नसराईत पोटासाठी बँड, रविवारी हौसेसाठी जॅझ. जॅझमध्ये एकेकाची पाळी येते. बाकीचे आवाज खाली घेतात, तो एकटा वाजवतो. त्याला सोलो म्हणतात. बारा वर्षं तो सोलो ग्रुपमधल्या थोरल्या बन्सीमामांचा होता; नात्यातले नव्हेत, सगळेच त्यांना मामा म्हणायचे. त्यांच्याकडे बॅरिटोन सॅक्सोफोन. गळ्यात अडकवला की गुडघ्यापर्यंत येणारं धूड, आणि आवाज रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा. वाजवण्याआधी मामा तोंडात लवंग धरायचे.

महेंद्र शेजारी छोटा सॅक्सोफोन घेऊन उभा असायचा. मामांना टाळ्या पडल्या की जळायचा. जेवण जायचं नाही, इतका जळायचा.

दिवाळीनंतर मामा गेले. त्यांच्या दारात रडताना मनात पहिलं काय आलं, तेही त्यानं मला सांगितलं.

"आता सोलो माझा."

सोजरमामींनी बॅरिटोन त्यालाच दिला. एवढंच म्हणाल्या, "पत्ती तेवढी बदल, बाबा. त्येंची उष्टी हाय."

फुंकायच्या टोकाला बोरूची पातळ पत्ती असते. ती थरथरते, तेव्हा आवाज निघतो. दुसऱ्याच्या तोंडातली पत्ती सहसा कुणी वापरत नाही. पण महेंद्रला वाटलं, मामांची सगळी जादू हिच्यातच असणार.

त्यानं ती बदलली नाही.

वाजवण्याआधी पत्ती जिभेवर भिजवावी लागते. महेंद्र कंपनीतून येऊन पेटी उघडायचा, तर पत्ती...

आधीच ओली.

रोज.

घामानं असेल, हवेनं असेल, असं म्हणत त्यानं तीन महिने रियाज केला. स्वतःची चाल बसवली. मामांची एकही जागा त्यात येऊ दिली नाही.

तो रविवार आला. ड्रमवर रविराज. त्यानं काठ्या हलक्या केल्या, बास गिटार खाली आली. महेंद्रची पाळी.

सुरुवात छान झाली. त्याची स्वतःची.

मग दम संपला. श्वास घ्यायला त्यानं तोंड बाजूला केलं...

आवाज थांबला नाही.

बोटांखालच्या चाव्या आपोआप दबत होत्या. सूर खोल जात होता, आणखी खोल. मामा जायचे तिथं. महेंद्रनं ओठ गच्च मिटले. तरी सोलो चालूच.

समोर चाळीसेक माणसं. एकालाही कळलं नाही.

टाळ्या थांबेनात. रविराज डोळे पुसत म्हणाला, "आरं, मामाच आलं म्हन की!"

महेंद्र मला म्हणाला, "दादा, भ्या नंतर वाटलं. आधी राग आला. जित्याची खोड मेल्यावर तरी जाती म्हनत्यात. ह्यांची तवाबी गेली न्हाई. येक सोलो... येक तर माझा होऊ द्यायचा व्हता!"

दुसऱ्याच दिवशी त्यानं बॅरिटोन मामींना परत केला. त्यांनी पत्तीला बोट लावलं. ओलं झालेलं बोट पदराला पुसलं.

आठवडाभरानं त्यानं आपला जुना छोटा सॅक्सोफोन काढला. नवी, सीलबंद पत्ती फोडली. कोरडी ठणठणीत. भिजवायला जिभेवर ठेवली...

लवंग.

त्यानंतर त्यानं वाद्याला हात लावलेला नाही.

परवा तो न्हावऱ्याला आमच्याकडे आला होता. दारातून त्यानं हाक मारली, तेव्हा मी दचकलो. आवाज त्याचाच, पण फार खोलातून आलेला.

चहा देताना मी वाकलो आणि वास आला.

"लवंग खातोस का रे?"

"न्हाई," तो म्हणाला.

मी त्याच्या कानांकडे पाहिलं. लाल झाले नव्हते.