डिस्कवरची शिल्लक जागा

दुकानदाराने डिस्क उजेडात तिरकी धरून पाहिली आणि धाकटीच्या हातात परत ठेवली.

"कोरी नाहीये, ताई. फायनलाइझ केलेली नाही. ज्या रेकॉर्डरने भरली, त्यालाच वाचता येईल. माझ्या मशीनला हा नुसता आरसा."

"मग कॉपी कशी निघणार?"

"त्याच रेकॉर्डरवर फायनलाइझ करून आणा. शेवटी अनुक्रमणिका लिहिली जाते आणि डिस्क बंद होते. मग कुठेही लावा. फक्त त्यानंतर तिच्यात काही भरता येत नाही."

दादाच्या कॅमेऱ्यातलं शूटिंग आईच डिस्कवर भरायची; तिने एकही डिस्क कधी बंद केली नव्हती. 'जागा आहे ना अजून? मग वाया कशाला घालवायची?' बाकीच्या ओरखडे पडून कामातून गेल्या; आई जिच्यात दिसते अशी ही एकच उरली होती. आणि घरचा डीव्हीडी रेकॉर्डर म्हातारा. डिस्क घातली की बराच वेळ कुरकुरायचा, मग कुठे चित्र. तो बंद पडला की आई गेलीच, दुसऱ्यांदा.

"बंद करण्याआधी एकदा बघू," घरी दादा म्हणाला.

पडद्यावर खिडकीजवळच्या खुर्चीत बसून आई शर्टाला बटण लावतेय. "पुरे रे, माझं काय शूटिंग करतोस!" म्हणते आणि संपतं. दोघांना पाठ होतं.

त्या दुपारी ते संपलं नाही. आईने दोरा दाताने तोडला, शर्टाची घडी घातली आणि चाहूल लागल्यासारखी मान वळवली.

"हे होतं का रे आधी?"

"असेल. कॅमेरा बंद करायचा राहिला असेल माझ्याकडून."

धाकटीने डिस्क उलटी करून फोटो काढला. लेझरने भाजलेला भाग गडद दिसतो, आतून बाहेर वाढत जातो. कोरा भाग फिकट. दुसऱ्या दिवशी डिस्क पाहून झाल्यावर तिने पुन्हा फोटो काढला. गडद कडा बाहेर सरकली होती. कॅमेरा केव्हाच भंगारात गेला होता. रेकॉर्डरवरचा रेकॉर्डिंगचा लाल दिवाही लागला नव्हता.

"रेकॉर्डरची लेन्स खराब झाली की होत असेल असं."

"खराब लेन्स शर्टाची घडी घालत नाही, दादा."

पुढच्या वेळी आई उठून दाराशी गेली. दार उघडलं. पलीकडे तीच खोली, तीच खिडकी, तीच खुर्ची. ती आत गेली आणि चित्राच्या दुसऱ्या बाजूने परत आली. "कुणी आहे का रे?" तिने विचारलं.

दादा कामावर जाईनासा झाला. डिस्क संपली की पुन्हा लावायचा. प्रत्येक वेळी आई थोडी पुढे जायची, दार उघडायची, परत यायची. तिचा आवाज बसत चालला होता.

कोरी कड नखाएवढी उरली तेव्हा धाकटीने रिमोट काढून घेतला.

"पूर्ण भरली तर बंद करायलाही जागा राहणार नाही. सगळंच जाईल, दादा."

"आणि बंद केलीस तर?"

"आहे तेवढी राहील."

"शहाणी आहेस! आत्ता ती बोलतेय, अगं. आपल्याशी बोलतेय."

पडद्यावर आई अगदी जवळ आली होती. काच असावी तसा तिने तळवा टेकवला.

"बंद करू नका रे. जागा आहे ना अजून?"

धाकटीने फायनलाइझचं बटण दाबलं.

चित्र गेलं. रेकॉर्डर कण्हत राहिला. पडद्यावरची प्रगतीची पट्टी सावकाश भरली आणि डिस्क बाहेर आली. दादा भिंतीकडे तोंड करून बसला होता.

दुकानात ती पहिल्या झटक्यात लागली. दुकानदाराने लगेच दोन प्रती बर्न केल्या, तपासायला शेजारशेजारच्या दोन पडद्यांवर लावल्या आणि चित्र थांबवलं.

"कव्हरवर हाच फोटो टाकू? छान हसल्यात आई." तो कव्हर शोधायला खाली वाकला.

दोन्हीकडे खिडकीचा पडदा वाऱ्यात फुगून थांबला होता. सुईतला दोरा हवेत थांबला होता.

आईच्या पापण्या लवत होत्या. दोन्ही प्रती तंतोतंत सारख्या असायला हव्या होत्या. पण पापण्या एकाच वेळी लवत नव्हत्या.