गच्चीवरचा शनी

"एकटेच आहात?" मी विचारलं.

"नाही. ही आहे सोबत," तो म्हणाला आणि खांद्यावरची लांबलचक पिशवी त्यानं काउंटरला टेकवून उभी केली. इतक्या हळुवारपणे, की मला त्या पिशवीचा हेवाच वाटला.

"मग हिचंही आधार कार्ड लागेल."

तो हसला. डोळ्यांनी आधी, ओठांनी नंतर.

बुधवार पेठेत, दगडूशेठच्या मागच्या गल्लीत आमचं छोटंसं लॉज आहे. पहिल्या मजल्यावर आमचं घर, त्यावर खोल्या. अण्णांचे गुडघे दुखायला लागल्यापासून काउंटर मीच सांभाळते. त्याचं नाव आयुष रामटेके. चंद्रपूरजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवायचा. पिशवीत शाळेची जुनी दुर्बीण होती. पेठेतल्या दुकानातून ती दुरुस्त करून घेतली होती आणि सकाळच्या गाडीनं तो परत निघणार होता.

"गच्ची मिळेल का जी, थोडा वेळ?" किल्ली घेताना त्यानं विचारलं. "नीट झाली का नाही, बघून घेतो. तिकडं पोरं वाट बघून राहिली."

"गच्चीवर चादरी वाळत घातल्यात."

"चादरींना त्रास देणार नाही."

दिवेलागणीनंतर चादरी काढायच्या म्हणून मी वर गेले. खरं तर त्या सकाळीही काढता आल्या असत्या...

देवळातली आरती वर ऐकू येत होती. गल्लीतल्या हारवाल्यांकडून निशिगंधाचा वास येत होता. दोन चादरींच्या मधे तो दुर्बिणीपाशी गुडघे टेकून बसला होता. मला पाहून बाजूला सरकला.

मी डोळा लावला. "काही दिसत नाही."

"दुसरा डोळा मिटा."

त्याचा हात माझ्या कोपरापाशी आला आणि न टेकताच मागे गेला. मग एकदम दिसला, पिवळसर, इवलासा, भोवती बारीक कडं असलेला.

"शनी," तो म्हणाला.

"हाच का तो? माझ्या पत्रिकेत बसलाय म्हणतात. दोन स्थळं पिटाळलीत यानं."

"मग मला याचे आभारच मानायला पाहिजेत."

बोलून गेला आणि घाईघाईनं दुर्बिणीचा स्क्रू पिळायला लागला. मी चादरीची घडी घालत राहिले. एकाच चादरीची, पुन्हा पुन्हा.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. "जय भीम, बाबा. हो, जेवलो."

फोन ठेवून त्यानं माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही ऐकलं ना?"

"जेवलो म्हणालात ते? साफ खोटं होतं."

तो हसला. "नम्रता..." अण्णांनी जिन्यातून दोनदा हाक मारली होती, नाव त्यानं तिथून उचललं असावं. "इथं वर सगळं जवळ वाटते. खाली उतरलं की तसं नसते."

"खाली काय आहे?"

"तुमचे अण्णा आहेत. माझे बाबा आहेत. समजते ना, मी काय म्हणतो?"

मला समजत होतं. हो म्हणावं, त्याच्याशेजारी बसावं, असं फार वाटलं. पण मी चादरी उचलल्या आणि खाली आले. ते न बोललेलं रात्रभर छातीवर बसून होतं.

सकाळी त्यानं किल्ली काउंटरवर ठेवली. बोटं मात्र लगेच उचलली नाहीत.

"तुम्ही थांब म्हणाला असता, तर—"

"तुमची पोरं वाट बघतायत," मी म्हणाले.

"हो," तो म्हणाला आणि जिना उतरला.

मी गॅलरीत धावले. कोपऱ्यावर त्यानं वळून वर पाहिलं, पण मधे रिक्षा आली. नंतर मी त्याच्या खोलीत गेले. पांघरूण व्यवस्थित घडी केलेलं होतं, उशीवर मात्र खळगा तसाच होता. मी पलंगाच्या कडेला बसले. इतकी रिकामी खोली मी आजवर पाहिली नव्हती.

मग उठले आणि सरळ घरात गेले. अण्णा पेपर वाचत होते.

"अण्णा, मला एक माणूस आवडलाय."

"कधीपासून?"

"कालपासून."

"फार उशीर केलास," अण्णा पेपराआडून म्हणाले.

"शिक्षक आहे, चंद्रपूरकडचा. आयुष रामटेके."

पेपर खाली आला. ते आडनाव त्यांच्या चेहऱ्यावरून सावकाश सरकताना मला दिसलं. मी तिथून हलले नाही.

"त्याला विचारलंस?" ते म्हणाले.

"नाही. आधी तुम्हाला सांगितलं."

"मला कशाला आधी? तो नाही म्हणाला, तर आपलं भांडण फुकट जायचं."

त्यांनी पेपर पुन्हा वर धरला.

मी बाहेर काउंटरवर आले आणि लॉजच्या फोनवरून रजिस्टरमधला त्याचा नंबर लावला. पलीकडे स्टेशनवरचा कालवा होता.

"नम्रता? मी आत्ता तुम्हालाच—"

"थांबा," मी म्हणाले. "आधी मी बोलते."