खरखरीतला हुंकार

कॉर्डलेसची खरखर काढायला आता कोणी बोलावत नाही. ज्याच्या त्याच्या खिशात मोबाईल. आमच्या धंद्याला कधीच उतरती कळा लागली. तरी लातुरात ऑफिसचे फोन अन् इंटरकॉम बघणारा म्हणून दयानंदचं, म्हणजे माझं, नाव अजून लोकांच्या तोंडी आहे. उदगीरच्या सिद्धराम आप्पांचा निरोप आला तेव्हा लई कंटाळा आला होता, पण गेलो. मोटारसायकलवरून उतरताना कंबर म्हणाली, बाबा, पुरे कर आता.

आप्पांची डाळमिल आहे. तुरीचा सीझन होता, त्यामुळे ऑफिसात टेबलापासून बसवेश्वरांच्या तसबिरीपर्यंत सगळीकडं पिवळी पूड बसलेली. टेबलावरचा वायरचा फोन निर्मळ चालत होता. कॉर्डलेसचे दोन हँडसेट होते, एक आप्पांच्या हातात, दुसरा मागच्या घरात. खरखर त्या दोन्हींत होती.

"हैदराबादच्या पार्टीला भाव सांगावं, तर ती म्हणते आप्पा, घशात काय अडकलंय?" आप्पा वैतागून गेले होते. "अन् ह्या फोनवर काय बोललो ते माझ्याबी ध्यानात राहीना बघा. भाव सांगून ठेवावं अन् सुनेलाच विचारावं, काय सांगितलो म्हणून. वय झालं, दुसरं काय."

मी आप्पांना बोलत ठेवलं अन् कामाला लागलो. एक-दोन-तीन म्हणून खरखर सापडत नसते, कोणीतरी सलग बोलावं लागतं. त्यात आप्पांना बोलायला सांगायची गरजच नव्हती. अॅडॉप्टर बदलला. वायफायचा डबा कॉर्डलेसला खेटून होता, तो लांब नेला, मग बंदच केला. मिलची मोटर थांबवली, तर हमाल तंबाखू मळत बसले. अर्थिंग बघितलं. शेवटी बाहेरची लाईनच काढून ठेवली. खरखर होती तिथंच. रोग रेड्याला अन् औषध पखालीला, असं माझं चाललं होतं.

मग आप्पांच्या हँडसेटला शेजारून नीट कान दिला. खरखर सलग नव्हती. आप्पा बोलत असले की गप्प, अन् ते दम घ्यायला थांबले की घरघरायची. आमच्याकडं गोष्ट सांगायची तर ऐकणाऱ्यानं हुंकार द्यावा लागतो, नाहीतर सांगणारा रुसून बसतो. ही बरोबर हुंकाराच्या जागी येत होती. दयानंद, मी स्वतःला म्हटलं, भूक लागलीय तुला.

वैतागून कॉर्डलेसचा बेस बोर्डावरून उपटला अन् पाणी प्यायला बाहेर आलो. तिथं आप्पांची सून अक्षरा उभी होती. ऑफिसचा हिशेब तीच बघते.

"दादा, काहीबी करून आज हे बंद करा," ती हळूच म्हणाली. "आत्याचं काही खरं न्हाई."

आत्या म्हणजे तिची सासू, नीलाबाई. त्यांची थोरली बहीण कस्तुराबाई शिरूर अनंतपाळला असायची. जेवणं झाली की दोघींचा रोज फोन. बोलायच्या नीलाबाई, बहिणीचं नुसतं हूं, हूं, मग? ती वारली, अन् पुढं ही खरखर सुरू झाली. तेव्हापासून नीलाबाईंनी हँडसेट परत कानाला लावलेला.

"बोलू द्या की," मी म्हणालो. "म्हातारीचा जीव तेवढाच हलका होतो."

"हलका न्हाई, रिकामा व्हायलाय. जे सांगायल्यात ते त्यांच्या डोक्यातून जायलंय. माहेरच्या विहिरीचं सांगितल्या. मागनं मी विचारलं, तर म्हणाल्या, कसली विहीर? मग लग्नाचं सांगितल्या. काल आप्पांना ताट वाढल्या अन् मला विचारल्या, हे पाहुणे कवा आले गं?" तिनं मिलकडं बघितलं. "आज सकाळपासून ह्यांच्यावर आल्यात."

ह्यांच्यावर म्हणजे रविकिरणवर. नीलाबाईंचा एकुलता एक लेक, त्या वेळी मिलमध्ये पोती मोजून घेत होता.

मला काही पटलं नाही. म्हातारी माणसं विसरतातच. पण पोरगी रडकुंडीला आलेली, म्हणून तिच्यामागं घरात गेलो.

नीलाबाई पलंगावर डोळे मिटून बसल्या होत्या. हँडसेट कानाला. "रवी पोटात होता तवा मला सारखं चिंच खावं वाटायचं..." त्या थांबल्या.

"हूं," हँडसेट म्हणाला.

बेस मी उपटून आलो होतो, म्हणजे हँडसेट मुका असायला पाहिजे होता. ते मला तेव्हा आठवलं.

"मग?"

आवाज बाईचा नव्हता, बाप्याचाही नव्हता. खरखरच होती ती.

"अव्वा, जरा टेस्टिंग करतो," म्हणत मी हँडसेट काढून घेतला. भ्यालेला माणूस हातची सवय सोडत नाही. टेस्टिंगला मी कायम घरचंच काहीतरी सांगतो, तसंच बोलायला लागलो.

"हूं."

खरं सांगू? बरं वाटलं. माझं असं कोणी कधी ऐकून घेतलं नव्हतं. माझी बायको सिंधु दुसऱ्या वाक्याला म्हणते, पुरे. सगळा शीण उतरत होता. मी सांगत गेलो. अक्षरा हातानं बास, बास करत होती. ते दिसत होतं, पण थांबवेना.

सांगायचं संपलं.

खरखरही संपली.

नीलाबाईंनी डोळे उघडले. "रवी जेवला का गं?" अक्षरानं तिथंच खाली बसून तोंडाला पदर लावला.

निघताना ती फाटकापर्यंत आली. "दादा, फोनवर काय सांगितलात, ध्यानात हाय का?"

"काय की. घरचंच काहीबाही."

ती काही बोलणार होती. मग नुसतं म्हणाली, "लवकर घरी जावा."

लातुरात पोचलो. दार एका पोरीनं उघडलं. कॉलेजातली असावी. माझ्या हातातली हत्यारांची पिशवी तिनं घेतली. मी आदबीनं बाजूला झालो अन् आत आवाज दिला, "सिंधु, पाहुणे आलेत का गं?"

पोरगी हसली. "काय पप्पा! मी नांदेडहून एवढ्या लांब आले, अन् ही थट्टा?"

मग तिचं हसू थांबलं.

साक्षी तिचं नाव. कॉलेज सोडून घरीच राहिलीय. रोज माझ्याजवळ बसते अन् लहानपणचं सांगते. मी तिला सायकल कशी शिकवली, ती पडली तेव्हा तिच्याआधी मीच कसा रडलो. लई गुणाची पोरगी आहे, मला तिची कीव येते. मी ऐकतो. हूं म्हणतो. ती थांबली की म्हणतो, मग?

ऐकून मला बरं वाटतं. काल म्हटलं, ते सायकलचं परत सांग की.

"कसली सायकल, पप्पा?"