चुन्याची खोली

माझ्या अकलेचं काय सांगू! देवासला आपल्याच प्लॉटवर छोटीशी बालवाडी बांधतेय, आणि काल तिथली चुन्याची आखणी बघून आर्किटेक्टवर ओरडले, "शंतनू, दारं विसरलास! पोरं काय भिंतीवरून उड्या मारतील?" तो बिचारा म्हणाला, "काकू, ही पायाची आखणी आहे. पायाला दारं नसतात."

रात्री गच्चीवर हे सांगितलं तर जान्हवी आणि अंकुर, माझी दोन्ही कार्टी, हसून लोळली. माझे मोठे दीर, दादा, हसले नाहीत.

"ह्यात हसण्यासारखं काही नाही," म्हणाले. "हाटपिपल्याचा आमचा भगवंत. त्याच्या तोंडून ऐकलंय. मागच्या दत्तजयंतीची दुसरी रात्र. त्याची बायको, सुभद्रावहिनी, त्यांना जाऊन वर्ष झालेलं. जन्मभर ओसरीत पोरं शिकवली बाईंनी, शिस्तीच्या भारी कडक. एकच हौस, आपली स्वतःची शाळा हवी. दोन वर्ग, एक ऑफिस. त्या गेल्यावर भगवंतानं नकाशा काढवला. चुना टाकून झाला, सकाळी खोदायला जेसीबी येणार. रात्रीत ढोरं चुना तुडवतील म्हणून हा राखणीला गेला. खाट, घोंगडी, थर्मास."

"अकेले?" अंकुरनं विचारलं.

"हां भिया. घरात दुसरं होतं कोण?"

दादांनी चटईवर मांडी बदलली.

"चांदणं लख्ख. ऑफिसच्या चौकोनात कुणीतरी उभं. पाठमोरं. साडी ओळखीची... हा म्हणाला, 'सुभद्रा?' ती चुन्याच्या कडेकडेनं चालत होती. तळहात पुढे. भिंत चाचपावी तसा... चारी बाजूंनी. मग पुन्हा पहिल्यापासून. आखलं तेव्हा ती आतच असणार."

"मग?" जान्हवी माझ्या मांडीत येऊन बसली. कॉलेजात जाणारी घोडी!

"मग काय. चुना पुसला की दार. पण दार झालं की ती जाणार... वर्षानं दिसलेली. हा रेघेबाहेर बसला. बोलत राहिला. घरातलं, शेजारचं, सगळं. आत ऐकू जात नव्हतं. ती आपली दार शोधत... उजाडायला आलं. लांबून जेसीबीचा आवाज. तेव्हा कुठं ह्यानं हातानं चुना सारला. दारापुरता."

"आणि ती?" अंकुरनं विचारलं.

"बाहेर आली. अगदी ह्याच्या जवळून. थांबली नाही."

अंकुरही माझ्याजवळ सरकला.

"बऱ्याच वेळानं ह्यानं खाली पाहिलं. सारलेल्या जागी... चुना. रेघ सलग. ह्याचे हात मात्र पांढरे."

गप्प बसायचं ना! पण मला कुठलं जमतंय.

"पण दादा, भुतं तर भिंतीतून आरपार जातात. वहिनी कशा अडकल्या?"

दादांनी शांतपणे चटई गुंडाळली.

"बाकीची जातात, सुनेत्रा. ह्या मास्तरीणबाई होत्या."