वलीच्या कमरेची दोरी

दगडूला ही गोष्ट सांगायचीच नव्हती. चारदा नको म्हणाला तो. पण पुतण्याच्या घरी चार दिवस जेवायला बसलं की त्याच्या पोरीचं ऐकावंच लागतं. अनन्या नऊ वर्षांची, अबुधाबीच्या खलिफा सिटीत वाढलेली. तिनं सगळे दिवे मालवून एकच टेबललॅम्प ठेवलेला आणि दगडूच्या पत्र्याच्या पेटीला टेकून बसलेली.

"आजोबा, टेल ना! द फिशिंग वन."

"मेल्यांनो, म्हाताऱ्याला सुखानं बसू देऊ नका."

मागे सोफ्यावर तिचा बाप, सुजीत, तोंडासमोर पेपर धरून बसला होता. अंधारात पेपर वाचत होता गाढव.

"ऐक तर मग," दगडू म्हणाला. "मध्ये इंग्रजी फाडू नकोस."

ते साल ब्याण्णव. दगडू तेव्हा रास अल खैमाला सिमेंटच्या कारखान्यात हेल्पर. शाळा दुसरीपर्यंत, पण जन्म हर्णैच्या बंदराचा. मासा कधी कुठं येतो ते त्याला नाकानं कळायचं. उन्हाळाभर तिथलं खाडीचं पाणी चहागत तापलेलं असतं, मासा खोल जाऊन बसतो. ऑक्टोबरात पहिलं धुकं पडलं की हामूर मासा खडकांच्या कपारीत येतो. त्या पहिल्या शुक्रवारची दगडू वर्षभर वाट बघायचा.

होडी वलीची. वली सत्तरीचा, तिथलाच. पोरपणी मोत्यांच्या शिंपल्यांसाठी बुड्या मारलेला माणूस. हिंदी मोडकी, हसणं मोठं. त्या वर्षी सुजीतही हट्टानं सोबत आला. नवा नवा इंजिनियर, दुबईहून आणलेली गळाची चकचकीत काठी मिरवत.

"काका, तुमच्या त्या सुतळीला काय लागणार?"

"सुतळी बोटाशी बोलते. तुझी काठी बोलते का?"

वली खो खो हसला. "यल्ला, यल्ला! चलो!"

उजाडलं होतं, पण धुकं असं की होडीचं पुढचं टोक दिसेना. चार पुरुष खोल पाण्यावर नांगर टाकला. दोन तास झाले, मासा नाही. जागा बदलू म्हणून नांगर ओढला, तर तो खाली कपारीत अडकलेला. सुजीत म्हणाला, कापून टाका, नवा घेऊ. वलीनं मान हलवली. नांगर त्याच्या बापाचा होता.

त्यानं अंगातला पायघोळ कंदुरा काढून ठेवला, अंगात फक्त लुंगीसारखी वजार आणि बनियन. कमरेला एक बारीक दोरी बांधली आणि दुसरं टोक सुजीतच्या हातात दिलं. दगडूकडं नांगराचा दोर होता ना, तो ढिला सोडायला.

"दो बार खींचूँगा, तो ऊपर लेना," वली म्हणाला. "देर नहीं करना. छोड़ना नहीं."

मोत्यांच्या होड्यांवर हाच कायदा. खालचा माणूस श्वासावर जगतो, वरचा माणूस दोरीवर. वरच्यानं दुसरीकडं बघायचं नाही.

वली गेला. पाणी मिटलं.

आणि तेवढ्यात सुजीतची काठी वाकली. मोसमातला पहिला मासा! पोरगं पिसाळलं. दोरी बाकड्याला गुंडाळली आणि दोन्ही हातांनी काठी धरून नाचायला लागलं.

"अरे दोरी! दोरी बघ!"

"एक मिनिट काका, मोठा आहे!"

दगडूनं नांगराचा दोर टाकला आणि होडी हेलकावत असताना रांगत दोरीपर्यंत पोचला. दोरी ढिली होती. एकदम ढिली. काहीच बोलत नव्हती. किती वेळ झाला... दोन मिनिटं? तीन? दगडूनं कडेवरून वाकून पाण्यात बघितलं.

तेव्हा दुसऱ्या बाजूनं होडीच्या कडेवर हात आला.

"वलीबाबा!" सुजीत ओरडला. मासा तळात फडफडत टाकून त्यानं म्हाताऱ्याला बगलेत धरून आत घेतलं. वली काही बोलला नाही. दम लागलेला नाही, खोकला नाही. जाऊन पुढच्या टोकाला पाठ करून बसला. अंगातून पाणी गळत होतं आणि वास येत होता, जुन्या शिंपल्यांचा, बंद खोलीतल्यासारखा.

"बघा, आले ना? उगाच घाबरवता तुम्ही."

दगडूनं समोर बघितलं. वलीच्या कमरेला दोरी नव्हती. सुटली असेल, म्हणून तो हातातली दोरी गुंडाळायला लागला. तीन हात आली. मग ताठ झाली.

मग ओढ बसली. एकदा... दोनदा.

मासा असा ओढत नाही. मासा हिसकतो. ही ओढ माणसाची होती, मोजून मारलेली.

"सुजीत... खाली कुणीतरी आहे."

"काका, खडकात अडकलीय. वलीबाबा बसलेत समोर!"

पुन्हा दोनदा. या वेळी घाई होती तिच्यात. दगडूनं पाय रोवले आणि खेचायला सुरुवात केली. जड होतं, माणसाएवढं जड. एक पुरुष आलं. दोन पुरुष. हाताची सालं निघाली. हिरव्या पाण्यात खाली काहीतरी पांढरं दिसायला लागलं, बनियनसारखं...

पुढं बसलेला मागं न वळता बोलला. एकच शब्द.

"खलास."

सुजीतनं सुरी घेतली आणि दोरी कापली.

काठावर वलीची बायको, हव्वाबी, उभी होती. तिनं नवऱ्याकडं बघितलं आणि दोन पावलं मागं सरली. महिन्यानं दगडूला बाजारात भेटली. त्या मुलखात ओलं कापड चहा निवायच्या आत सुकतं. ती म्हणाली, "भैया, उनका कंदुरा अभी तक टपकता है... तुम किसको लाए?"

दगडूनं कारखान्याच्या कामगार कॅम्पात सगळ्यांना सांगितलं, पुन्हा खाली शोधा म्हणून. सुजीत हसला आणि म्हणाला, काकांनी सकाळीसकाळी घेतली होती. दगडूनं जन्मात थेंब घेतलेला नाही. पण इंजिनियरचं खरं धरतात, हेल्परचं नाही. कुणी गेलं नाही.

लॅम्पपाशी अनन्या पेटीवरून बाजूला सरकली. मग दगडूनं पत्र्याची पेटी उघडली आणि अकरा वर्षं जपलेला त्या दोरीचा तुकडा काढला. अनन्यानं एक टोक हातात घेतलं. कापलेलं टोक घरंगळत सोफ्याखाली अंधारात गेलं.

"ईऽऽ आजोबा, इट्स वेट!"

थोड्या वेळानं ती पुन्हा म्हणाली, हळूच.

"आजोबा... डोन्ट पुल."

दगडूचे दोन्ही हात त्याच्या मांडीवर होते. त्यानं पोरीची मूठ आपल्या मुठीत घट्ट धरली, आणि या खेपेला सोडायची नाही असं ठरवून सोफ्याकडं बघितलं. पेपर अजून तोंडासमोरच होता.  वलीची माफी आता कुणी मागायची ते वरचा जाणे, पण दगडूची माफी ज्यानं मागायची तो तिथंच बसला होता, त्याच्या सख्ख्या भावाचा मुलगा, सुजीत.