उरलेली एक लायब्ररी

धुकं इतकं दाट होतं, की ती ऑफिसचा जिना सोडून शेजारचा चढली आणि भलतंच दार उघडून बसली. आत जाड पडदे, मायक्रोफोन, आणि कॉम्प्युटरपुढे डोक्याला हात लावून बसलेला एक ध्वनिमुद्रक. स्क्रीनभर चुका दाखवणाऱ्या लाल ओळी. त्या तिने लगेच ओळखल्या... तिनेच लिहिलेला प्रोग्राम होता तो — जुन्या रेकॉर्डिंगमधली खरखर काढणारा, कुणीही फुकट घ्यावा, उघडून बघावा, बदलावा असा.

"प्रोग्राम बसत नाहीये ना?" तिने दारातूनच विचारलं.

"एक लायब्ररी आणली की ती दुसरी मागते, दुसरी तिसरी. एका पाहुण्याला बोलवावं तर तो सगळा गोतावळा घेऊन यावा, तसं. हे लिहिणारा एकदा भेटायला हवा."

"भेटली," ती म्हणाली.

त्याने वळून पाहिलं. हसला — आणि तिला उगाचच पडद्यांचा रंग न्याहाळावासा वाटला.

मग ती रोज दुपारी येऊ लागली. लायब्रऱ्या म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेले तयार कोडचे तुकडे. नको त्या काढायच्या, हव्या त्या एकाच आज्ञेसरशी आपोआप याव्यात, कॉम्प्युटर कुठलाही असो — असं तिने मनावर घेतलं होतं.

"काम संपलं की येणं बंद करणार तुम्ही?" एकदा त्याने विचारलं.

"संपवायची घाई कुणाला आहे..."

तरी एक दिवस एकच हट्टी लायब्ररी उरली.

"सगळं हिच्यापाशी अडतं," ती म्हणाली. "आणि विचित्र म्हणजे, हिचा लेखक वारलाय म्हणे. दुरुस्त्या मात्र त्याच्याच नावाने येत राहतात."

त्या खोलीच्या भिंती आवाज पिऊन टाकायच्या. तिला स्वतःचा श्वास ऐकू आला.

"माझा दादा तो," तो हळूच म्हणाला. "दुरुस्त्या मी करतो. त्याचं नाव थांबलं, तर... तो खरंच गेला, असं होईल ना."

"मग काल 'काढ' म्हणून उत्तर का दिलंत?"

"कसलं उत्तर?"

तिने फोन पुढे केला. ही लायब्ररी काढायची परवानगी मागणाऱ्या तिच्या पत्राला दादाच्या नावाने उत्तर आलं होतं : *काढ. आता त्याला घरी जाऊ दे.*

"मला वाटलं, घाईत चुकलं. लायब्ररीला कुणी 'त्याला' म्हणतं का?"

त्याने ते पुन्हा वाचलं. "हे मी लिहिलेलं नाही. आणि पासवर्ड दुसऱ्या कुणाकडे नाही."

मायक्रोफोन चालू होता. कुणीच बोलत नव्हतं. तरी आवाज दाखवणारी हिरवी रेघ जराशी वर गेली... आणि खाली आली.

"दादा गेल्यापासून मी इथेच झोपतो," तो पुटपुटला. "घराचं कुलूप उघडायला हात धजत नाही."

पळत सुटावं, असं तिला वाटलं. ती पळाली नाही. खुर्ची त्याच्याजवळ ओढून बसली.

"काढू?"

तिच्या हातावर हात ठेवून त्यानेच कळ दाबली. ओळी सरसर सरकल्या, एकही लाल नाही. दादाचं नाव प्रोग्राममधून गेलं, आणि तो तिच्या खांद्यावर डोकं टेकून रडला.

तिने त्याचे केस मागे सारले. आजवर ती त्याला 'तुम्ही'च म्हणत आली होती.

"ऊठ," ती म्हणाली. "किल्ली घे. मी येते तुझ्याबरोबर."